वॉर्डातून ऑफिसात जाताना : नोकरीची शाश्वती कशात?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खत-पाणी, खोडवा आणि पाचट यांविषयी लिहितो. या अंकात विषय उसाचा नाही, पण ऊस पिकवणाऱ्या घरांचा आहे. लागण नोंदीसाठी आम्ही बांधावर येतो तेव्हा बोलणे उसावर सुरू होते आणि चहा येईपर्यंत मुलाबाळांवर जाते. आमच्या कार्यक्षेत्रातील कितीतरी घरांतील मुली आज नर्स आहेत. कोणी ए.एन.एम. होऊन उपकेंद्रात, कोणी जी.एन.एम. करून पुण्या-मुंबईच्या खासगी हॉस्पिटलात, कोणी बी.एस्सी. नर्सिंग करून परदेशात. उसाच्या बिलातून त्यांची फी भरली गेली. आता त्यांच्या पगारातून घरची लागण उभी राहते, हेही आम्ही डोळ्यांनी पाहतो. तेव्हा त्यांच्या नोकरीचा प्रश्न हा सभासदाच्या घरचाच प्रश्न आहे असे समजून हा लेख लिहीत आहोत.

निमित्त एका पेढ्याच्या पुड्याचे झाले.

गट ऑफिसात एक वयस्कर सभासद आले. सगळे त्यांना तात्या म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. अडीच एकर ऊस, विहिरीचे पाणी भावकीत वाटून. एका हातात पेढे आणि दुसऱ्या हातात मोबाईल. त्यात थोरल्या मुलीने पाठविलेले पत्र. मुलगी जी.एन.एम. झालेली, शहरातील एका हॉस्पिटलात सात वर्षांची नोकरी, त्यातील शेवटची दोन वर्षे अतिदक्षता विभागात. आता हॉस्पिटल तिला 'असिस्टंट मॅनेजर, ऑपरेशन्स' ही जागा देत होते. रात्रपाळी बंद, पगारात वाढ, बसायला केबिन.

"साहेब, पोरगी आता कायमची साहेब झाली. नोकरीचा घोर मिटला बघा," तात्या म्हणाले.

आम्ही पेढा घेतला, पण तोंडातून 'हो' निघेना. पत्र दोनदा वाचले. शेवटच्या परिच्छेदात लिहिले होते की, दोहोंपैकी कोणीही एक महिन्याची नोटीस देऊन ही नोकरी संपवू शकेल. कारण देण्याची गरज नाही.

"तात्या, पेढे गोड आहेत. पण सही करण्याआधी पोरीला एकदा आमच्याशी बोलायला सांगा."

तात्यांचा चेहरा जरा उतरला. आनंदाच्या वेळी असा खडा टाकणे आम्हालाही बरे वाटले नाही. पण असे का बोललो, ते सांगायचे तर आमच्या घरची गोष्ट सांगावी लागेल.

आमची चूक

आमच्या थोरल्या बंधूंची मुलगी नर्स आहे. नऊ वर्षे वॉर्डात काम केल्यावर २०१९ मध्ये तिला एका हॉस्पिटलच्या नव्या शाखेत मॅनेजरची जागा मिळाली. तिने फोन करून विचारले, "काका, घेऊ का?" आम्ही शेतकीचा डिप्लोमा केलेला माणूस. स्वतः फडात फिरत फिरत ऑफिसरच्या खुर्चीपर्यंत आलो. आमच्या लेखी खुर्ची म्हणजे स्थैर्य. आम्ही एका मिनिटात सांगून मोकळे झालो, "बिनधास्त घे. किती दिवस पाळ्या करणार?" पत्र वाचले नाही, एक प्रश्नही विचारला नाही. वाढलेल्या पगाराच्या भरवशावर तिने आणि जावईबापूंनी फ्लॅट बुक केला.

मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी आली. खासगी हॉस्पिटलांतील ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, उत्पन्न आटले. जूनमध्ये तिच्या हातात पत्र पडले. एक महिन्याचा पगार आणि निरोप. त्या वेळी सगळीकडे नर्सना मागणी होती. ती चार ठिकाणी गेली. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, "रजिस्ट्रेशनचे नूतनीकरण आहे ना?" ते नव्हते. वॉर्डात नाही तर काय करायचे ते, म्हणून मुदत उलटून गेली होती. टाळेबंदीत कागदपत्रे जमवून ते मार्गी लागायला सप्टेंबर उजाडला. मधल्या महिन्यांचे फ्लॅटचे हप्ते बंधूंनी उसाच्या बिलातून भरले. त्या वर्षीचा त्यांचा ठिबक सिंचनाचा बेत बारगळला.

मुलगी आम्हाला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. तेव्हापासून या विषयाची माहिती आम्ही जमेल तेथून गोळा करीत आलो आहोत. ती सभासदांपुढे ठेवतो.

जाणे चुकीचे नाही

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. नर्सने व्यवस्थापनात जाऊ नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. वीस-बावीस वर्षांची मुलगी बारा-बारा तास उभी राहू शकते. चाळिशीत कंबर आणि गुडघे बोलू लागतात. रात्रपाळी, घरची माणसे, मुलांच्या शाळा, सगळे एका अंगावर. खासगी हॉस्पिटलात नर्सचा पगार एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, हेही खरे.

शिवाय व्यवस्थापन हे नर्सिंगच्या बाहेरचे काम नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. हातात दिवा घेतलेली बाई एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. पण १८५३ मध्ये लंडनमध्ये त्यांनी पहिले काम स्वीकारले ते एका रुग्णालयाच्या अधीक्षिकेचे. १८५४ मध्ये ३८ परिचारिकांची तुकडी घेऊन त्या क्रिमियन युद्धातील जखमींसाठी स्कुटारीला गेल्या. तेथे औषधपाण्याइतकेच स्वच्छता, धुलाई, स्वयंपाकघर आणि पुरवठा यांकडे त्यांनी लक्ष दिले. मृत्यूंचे आकडे मांडून सरकारला सुधारणा करायला भाग पाडले. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले, आणि तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. म्हणजे नर्सने हिशेब आणि कारभार पाहणे ही आजची टूम नव्हे.

तेव्हा प्रश्न जावे की न जावे हा नाही. काय हातात ठेवून जावे, हा आहे.

नोकरीची शाश्वती आणि पोटाची शाश्वती

कोणी म्हणेल, "अहो, नर्सची नोकरी तरी कुठे कायम आहे? खासगीत उद्या या म्हणतात, परवा जा म्हणतात." अगदी बरोबर. सरकारी योजनांतही कराराच्या नेमणुका आहेत. पण येथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत.

समजा, ५० खाटांचे हॉस्पिटल आहे. दिवसाच्या तीन पाळ्या. एका पाळीला आठ नर्स धरल्या तरी २४ झाल्या. साप्ताहिक सुट्टी आणि रजेच्या बदल्या धरल्या की तीसच्या घरात जातात. त्याच हॉस्पिटलात ऑपरेशन्स मॅनेजर किती? एक. फार तर एक मदतनीस. नर्सची एक जागा गेली तर त्याच गावात दुसऱ्या हॉस्पिटलात जागा असते, कारण रुग्ण आहे तोवर त्याच्याजवळ नर्स लागतेच. मॅनेजरची जागा गेली तर दुसरी रिकामी खुर्ची शोधावी लागते, आणि त्या खुर्चीसाठी एम.बी.ए. झालेली तरुण मुलेही रांगेत असतात.

म्हणून वॉर्डात नोकरीची शाश्वती कमी असली तरी पोटाची शाश्वती जास्त असते. ऑफिसात पगार आणि मान जास्त, पण खुर्ची गेली की पोटाची शाश्वती आपण वेगळी राखली असेल तरच राहते.

हे आपल्याला नवीन नाही. कारखान्याकडेच बघा ना. हंगामी कोण, कायम कोण, हे आपण जाणतो. मिल हाऊसमधील कायम फिटर वर्षानुवर्षे तोच असतो. कार्यकारी संचालक मात्र बदलतात. त्यांचा पगार मोठा, गाडी आहे, बंगला आहे, पण नेमणूक मुदतीची. त्यांना ते माहीत असते आणि ते त्या हिशेबानेच वागतात. आपल्या मुलींना तो हिशेब कोणी सांगत नाही, एवढाच फरक.

पदनाम बदलले की कायदाही बदलतो

हा भाग जरा क्लिष्ट आहे, पण सभासदांनी सावकाश वाचावा.

१९४७ चा औद्योगिक विवाद कायदा जाऊन त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. नोकरकपातीपासून मिळणारे संरक्षण या कायद्यात 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यालाच आहे. हाताने काम करणारा, कुशल वा अकुशल, तांत्रिक काम करणारा, कारकुनी करणारा, हे त्यात येतात. वॉर्डात रुग्णांची शुश्रूषा करणारी नर्स कुशल काम करते. पण जो मुख्यत्वे व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करतो तो या व्याख्येत येत नाही. पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि महिना १८ हजार रुपयांहून अधिक वेतन घेणाराही येत नाही.

फरक काय पडतो? कामगाराची एक वर्ष सलग सेवा झाली असेल आणि त्याला कपातीत काढायचे असेल, तर कारण लिहून एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई. साधारणपणे शेवटी लागलेल्याला आधी काढावे, असाही नियम आहे. महिना २६ हजार घेणाऱ्या आणि सात वर्षे झालेल्या नर्सची भरपाई अर्ध्या पगाराच्या हिशेबाने ९१ हजारांच्या आसपास जाते. तीच मुलगी मॅनेजर झाली आणि काढली गेली, तर या कलमांचा आधार तिला मिळत नाही. नेमणूक पत्रात जे लिहिले असेल तेच प्रमाण. पत्रात एक महिना असेल, तर एक महिना.

यात दोन बारकावे आहेत. पहिला असा की, न्यायालये केवळ पदनाम पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम काय आहे ते पाहतात. नावाला 'मॅनेजर' आणि काम वॉर्डातीलच, असे असेल तर ती मुलगी कामगार ठरू शकते. म्हणून रोजच्या कामाचे कागद, ड्युटीचे तक्ते जपून ठेवावेत. दुसरा असा की, १९७८ मध्ये बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उद्योगाची जी व्यापक व्याख्या केली, तिच्यात हॉस्पिटले आली होती. नव्या संहितेने मात्र पूर्णतः किंवा मुख्यतः धर्मादाय वा समाजसेवेचे काम करणाऱ्या संस्थांच्या हॉस्पिटलांना उद्योगाच्या व्याख्येतून वगळले आहे. आपल्याकडे ट्रस्टची हॉस्पिटले पुष्कळ. तेव्हा ट्रस्टच्या नोकरीत प्रश्न आला तर आधी जाणकार वकिलाला विचारावे.

ग्रॅच्युइटीचे तसे नाही. ती मॅनेजरलाही मिळते. कायम नोकरीत पाच वर्षे सलग सेवा झाल्यावर, शेवटच्या वेतनाला २६ ने भागून १५ ने आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. २४ हजार वेतन आणि आठ वर्षे धरली तर ही रक्कम सुमारे १ लाख १० हजार ७६९ रुपये होते. पण येथेच एक खड्डा आहे. काही ठिकाणी 'बढती' न देता नर्सच्या जागेचा राजीनामा घेतात आणि मॅनेजर म्हणून नवी नेमणूक देतात. सेवेत असा खंड पडला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाल्याचे सांगतात. त्यामुळे 'सलग सेवा धरून बढती' हे शब्द पत्रात आहेत की नाहीत, ते पाहावे.

इंग्लंडमध्ये काय झाले

आपल्याकडील मुली इंग्लंडमध्ये नर्स म्हणून जातात, म्हणून तेथील उदाहरण देतो. तेथील सरकारी आरोग्यसेवेत १९८३ पर्यंत डॉक्टर, नर्स आणि प्रशासक असे मिळून एकमताने कारभार पाहत असत. त्या वर्षी सेन्सबरी या किराणा दुकानांच्या मोठ्या कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक रॉय ग्रिफिथ्स यांनी सरकारला अहवाल दिला. प्रत्येक ठिकाणी एकच जबाबदार जनरल मॅनेजर असावा, असा त्याचा मथितार्थ. ते अमलात आले. हे मॅनेजर मुदतीच्या करारावर नेमले गेले. कारभारात नर्सिंगच्या प्रमुखांना जी हक्काची जागा होती ती अनेक ठिकाणी गेली. काही नर्स स्वतः जनरल मॅनेजर झाल्या, पण कराराच्या अटीवर.

पुढे १ एप्रिल २०१३ रोजी तेथील प्रायमरी केअर ट्रस्ट ही सारी कार्यालये बंद करण्यात आली. मार्च २०२५ मध्ये तर एन.एच.एस. इंग्लंड हे मध्यवर्ती कार्यालयच मोडीत काढण्याची घोषणा झाली. खर्च कमी करायची वेळ आली की सरकार असो वा मालक, कात्री प्रथम ऑफिसावर फिरते. वॉर्ड बंद करणे अवघड असते.

पण तेथील एक रीत घेण्यासारखी आहे. नर्सला दर तीन वर्षांनी नोंदणी पुन्हा पक्की करावी लागते आणि त्यासाठी ४५० तासांचे काम दाखवावे लागते. नर्सिंगचे ज्ञान जेथे वापरले जाते अशा व्यवस्थापनाच्या कामाचे तासही त्यात धरले जातात. म्हणजे ऑफिसात गेलेली नर्सही नर्सच राहते. हे राहणे महत्त्वाचे.

कोणती खुर्ची भक्कम?

सगळ्या खुर्च्या सारख्या नसतात. आमच्या पाहण्यात त्यांचे दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार, जेथे नर्सच लागते. नर्सिंग सुपरिंटेंडेंट म्हणजे मेट्रन, वॉर्डाची इन्चार्ज, नर्सना शिकवणारी प्रशिक्षिका, संसर्ग नियंत्रण परिचारिका. हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या एन.ए.बी.एच. या संस्थेच्या निकषांत संसर्ग नियंत्रणासाठी नेमलेली परिचारिका असावी लागते. ज्या हॉस्पिटलला ते प्रमाणपत्र हवे त्याला ही जागा सहजासहजी रद्द करता येत नाही.

दुसरा प्रकार, जेथे नर्स चालते पण लागतेच असे नाही. ऑपरेशन्स, इन्शुरन्स आणि सरकारी योजनांचा डेस्क, जनसंपर्क, मनुष्यबळ विभाग. येथे नर्सला रुग्णाची जाण असल्यामुळे ती काम चांगले करते, यात शंका नाही. पण तिच्या जागी दुसरा पदवीधर बसवता येतो. या खुर्चीवर पगार जास्त दिसला तरी पाय पातळ आहेत, हे ध्यानात ठेवावे.

सरकारी नोकरीतील मुलींची वाट वेगळी आहे. तेथे अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी पायरीपायरीची बढती असते आणि प्रत्येक पायरीवर सेवा सलग राहते. कायम कर्मचाऱ्याने दुसरे पद स्वीकारले तर नियमाप्रमाणे मूळ पदावर धारणाधिकार राहू शकतो. म्हणजे परत यायची वाट उघडी. खासगी हॉस्पिटलची मोठी खुर्ची दिसली म्हणून कायम सरकारी जागेचा घाईने राजीनामा देऊ नये, एवढेच सांगतो.

बुडखा जमिनीत राहू द्या

आता मुख्य गोष्ट. ऊस जमिनीलगत तोडा, असे आम्ही दरवर्षी कंठशोष करून सांगतो. का? वरचा ऊस गेला तरी बुडखा जमिनीत चांगला राहिला तर खोडवा जोमाने फुटतो. बुडखाच उपटला तर नवी लागण करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तिचा खर्च आपण जाणतो.

नर्सचा बुडखा म्हणजे तिची नोंदणी. महाराष्ट्रात ती महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते आणि दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी अधूनमधून प्रशिक्षणे, कार्यशाळा करून त्यांची प्रमाणपत्रे जपावी लागतात. ऑफिसात गेलेल्या मुलीला वाटते, आता याचा काय उपयोग? आमच्या पुतणीलाही तसेच वाटले होते. खुर्ची जाते त्या दिवशी उपयोग कळतो.

दुसरे म्हणजे हात. दोन-तीन वर्षे वॉर्ड सुटला की औषधे बदलतात, यंत्रे बदलतात, हाताची सफाई कमी होते. जमत असेल तर महिन्यातून एक-दोन ड्युट्या वॉर्डात कराव्यात. हॉस्पिटलेही बहुधा नको म्हणत नाहीत.

तिसरे शिक्षण. जी.एन.एम. ही पदविका आहे, पदवी नव्हे. व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे तर आधी पदवी लागते. त्यासाठी दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा मार्ग आहे. त्यानंतर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी हॉस्पिटल व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करता येतो. खुर्ची आधी आणि शिक्षण नंतर असे झाले तरी हरकत नाही, पण शिक्षणाशिवाय ती खुर्ची फार दिवस पेलत नाही. हॉस्पिटल फी भरणार असेल तर बाँड किती वर्षांचा आहे, ते आधी वाचावे.

सही करण्यापूर्वी

घरात मुलीला अशी जागा मिळाली तर पेढे जरूर वाटावेत. पण त्याआधी पुढील गोष्टी तिच्याबरोबर बसून पाहाव्यात.

१. ही बढती आहे की राजीनामा देऊन नवी नेमणूक? सलग सेवा लेखी धरली आहे का?

२. नोटिशीची मुदत किती? एक महिन्याऐवजी तीन महिने मागावेत. मागितल्याने कोणी जागा काढून घेत नाही.

३. नव्या जागेचा परिविक्षा काळ किती? त्यात जमले नाही तर मूळ जागेवर, मूळ पगारावर परत घेणार की घरी पाठवणार? पहिल्या वर्षात परत येण्याची सोय लेखी असावी.

४. जागा कायम की मुदतीची? मुदतीची असेल तर नव्या नियमांप्रमाणे एक वर्ष पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटीचा हक्क येतो, हे माहीत असावे.

५. कामाची यादी पत्रात आहे का? मॅनेजरचा पगार आणि तीन माणसांचे काम, असे व्हायला नको.

६. प्रॉव्हिडंट फंडाचा खाते क्रमांक तोच राहतो ना? आरोग्य विम्यात कोण कोण धरले आहे?

७. नोंदणीचे नूतनीकरण केव्हा संपते? ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी.

आणि एक घरच्यांसाठी. वाढीव पगारावर लगेच वाढीव हप्ता काढू नये. निदान पहिले वर्ष जुन्याच पगारात घर चालवावे आणि वरची रक्कम बाजूला ठेवावी. सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते शिल्लक असतील, तर मुलगी नवी जागा डोके शांत ठेवून शोधू शकते. नसतील, तर बापाला उसाच्या बिलाकडे पाहावे लागते. आमच्या बंधूंना पाहावे लागले.

पुढे काय झाले

तात्यांची मुलगी रविवारी गावी आली आणि आमच्या घरी येऊन गेली. पोरगी हुशार. आम्ही सांगण्याआधीच तिने पत्राखाली पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. "काका, मला जायचं आहे. रात्रपाळीनं जीव मेटाकुटीला आलाय. पण पडले तर कुठं पडेन, ते आधी बघून जायचं आहे," असे ती म्हणाली. यापेक्षा शहाणे बोलणे आम्हाला सुचले नसते.

तिने हॉस्पिटलकडे चार गोष्टी लेखी मागितल्या. तीन महिन्यांची नोटीस मान्य झाली. सलग सेवा मान्य झाली. एक वर्षात अतिदक्षता विभागात परत येण्याची सोय मान्य झाली, पण ज्येष्ठतेबाबत हमी दिली नाही. महिन्यातून दोन ड्युट्या वॉर्डात देण्याचे तोंडी कबूल केले, लिहून मात्र दिले नाही. एवढे पदरात घेऊन तिने सही केली. नोंदणीचे नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे, त्याची कागदपत्रे तिने आताच काढून ठेवली.

आमची पुतणी आज एका हॉस्पिटलात संसर्ग नियंत्रण परिचारिका आहे. पगार मॅनेजरपेक्षा कमी, पण दिवसपाळीचे काम, आणि नर्सशिवाय ती जागा कोणाला देता येत नाही. हा लेख छापण्यापूर्वी आम्ही तिला वाचायला पाठविला. तिने एकच दुरुस्ती सुचविली. "काका, तुमची चूक असं लिहू नका. पत्र मीही वाचलं नव्हतं." आम्ही मथळा तसाच ठेवला आहे.

तात्या परवा पुन्हा भेटले. आता पेढे खावेत की नाही, असे त्यांनी हसून विचारले. आम्ही दोन घेतले.

सभासदांपैकी कोणाच्या घरी असा प्रश्न असल्यास गट ऑफिसात जरूर यावे. आम्ही वकील नाही, पण पत्र एकदा नीट वाचून देऊ. येताना खोडव्याची नोंदही घेऊन यावे, ती पुष्कळांची अजून बाकी आहे.



ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग